घर घेताना आपल्या बाजूने कोण?

माझे आजोबा सांगोल्याच्या बाजारात बैल घ्यायला निघाले की गावातल्या एका म्हाताऱ्याला आवर्जून बरोबर नेत. म्हाताऱ्याकडे ना जमीन होती, ना पैसा. पण जनावराची पारख त्याच्यासारखी पंचक्रोशीत कोणाला नव्हती. तो बैलाचा जबडा उघडून दात पाही, खांद्यावरून हात फिरवी, खूर उचलून बघे आणि मग बैलाला वीसेक पावले चालवायला लावी. तिकडे हेडी खिल्लाराचे गुणगान करीत असे, रुमालाखाली बोटे धरून भाव चाले. म्हातारा मात्र एका बाजूला उभा राहून नुसता बघत राही. शेवटी तो आजोबांकडे वळून मान हलवी. होकाराची असली तर व्यवहार पुढे जाई. नकाराची असली तर आजोबा हेडीशी एक शब्दही न बोलता पुढच्या दावणीकडे वळत. संध्याकाळी म्हाताऱ्याला पोटभर जेवण, चहापाणी आणि ठरलेले पैसे मिळत. बैल घेतला नाही, तरीही मिळत.

त्या ‘तरीही’चा अर्थ कळायला मला बँकेत पस्तीस वर्षे नोकरी करावी लागली.

ही रीत काही बाजारापुरती नव्हती. आजसुद्धा जुनी स्कूटर घ्यायची तर आपण ओळखीचा मेकॅनिक बरोबर नेतो. लग्नाची बैठक बसते तेव्हा मुलीचा मामा, काका, एखादा बोलका शेजारी अशी चार माणसे मुलीच्या बाजूने असतातच. मुलाच्या मामालाच ‘आता तुम्हीच आमच्याही बाजूने बोला’ असे सांगून मुलीचे वडील घरी बसल्याचे मी तरी ऐकलेले नाही. आणि घर? आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी, वीस वर्षांचे हप्ते, निवृत्तीची सगळी पुंजी जिच्यात जाते ती खरेदी? तिथे मात्र आपण रविवारी जेवून झाल्यावर बायकामुलांना घेऊन, हात हलवत जातो.

तिथले दृश्य आठवून पाहा. दारात हसतमुख मुलगी उभी असते, ती बिल्डरची पगारी नोकर. तुम्हाला गाडीत घालून तिथवर आणणारा गृहस्थ, ज्याला हल्ली ‘चॅनेल पार्टनर’ म्हणतात, त्याचे कमिशन बिल्डरकडून ठरलेले. कोपऱ्यात टेबल टाकून बसलेला तरुण बँकेचा. त्याला महिन्याचे कर्जवाटपाचे उद्दिष्ट गाठायचे असते. साठेखताचा मसुदा करणारे वकील बिल्डरचे. सॅम्पल फ्लॅट सजवणारा सजावटकारही बिल्डरचाच. थंड सरबताचा पेला हातात घेऊन तुम्ही मधे उभे असता आणि पाच माणसे तुमच्याशी अत्यंत आपुलकीने बोलत असतात. त्यांतला एकही तुमच्या बाजूचा नसतो. ते वाईट असतात असे मी म्हणत नाही. ज्याचे मीठ खावे त्याच्याशी इमान राखावे हे आपणच मुलांना शिकवतो. तुमचे मीठ खाणारा त्या खोलीत कोणी नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

हे मी उपदेशाच्या सुरात लिहितो आहे खरा, पण त्या टेबलापाशी बसणाऱ्यांपैकी मीही एक होतो. म्हणून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे.

१९९६ साल. मी पुण्यातल्या एका शाखेत कर्ज विभाग पाहत होतो. माध्यमिक शाळेतले एक शिक्षक कोथरूडच्या पलीकडे, तेव्हा नव्याने उभ्या राहणाऱ्या वस्तीत, दोन खोल्या-स्वयंपाकघराचा फ्लॅट घेत होते. व्याजदर त्या काळी चौदा-पंधरा टक्क्यांच्या घरात होते, त्यामुळे गृहकर्ज म्हणजे माणूस दहा वेळा विचार करी. सरांनी विचार केला होता, पगारपत्रके आणली होती, शाळेतले दोन सहकारी जामीन राहायला तयार होते. बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेच्या यादीवरच्या वकिलांनी जमिनीच्या कागदांचा शोध घेऊन अहवाल दिला. त्याची फी साडेसातशे रुपये. ती अर्थातच सरांनी भरली.

अहवाल पाच पानी होता. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होते. जमिनीचे मूळ मालक तीन भाऊ; त्यांनी बिल्डरला विकसनाचे हक्क दिले होते. पण त्यांना एक बहीण होती आणि तिचे हक्कसोडपत्र कागदांत नव्हते. ‘ते घेऊन दप्तरी ठेवावे’ असे वकिलांनी लिहिले होते. मी बिल्डरला विचारले. ‘घरचाच मामला आहे साहेब, महिन्याभरात देतो,’ असे त्याने लेखी दिले. मी टिपणी लिहिली: पगारातून कपात आहे, दोन जामीनदार सक्षम आहेत, फ्लॅटच्या किमतीच्या मानाने कर्ज माफक आहे, सबब मंजुरीस हरकत नाही. व्यवस्थापकांनी सही केली. यात नियमाबाहेर काही नव्हते. बँकेचा पैसा खरोखरच सुरक्षित होता.

कर्जाच्या कागदांवर सह्या करायला सर आले तेव्हा त्यांनी मला विचारले, “साहेब, कागद बघितले ना तुम्ही? मग घेऊ ना बिनधास्त?”

मी म्हणालो, “बँकेची काही हरकत नाही.”

त्यांनी ऐकले ते असे की फ्लॅट चांगला आहे. मी तसे म्हणालो नव्हतो. पण त्यांनी काय ऐकले हे मला त्या क्षणी समजले होते आणि मी ते दुरुस्त केले नाही. समोर रांग होती, मार्च महिना होता.

बहिणीने २००१ साली वाटपाचा दावा लावला. बिल्डर तोवर दुसऱ्या वस्तीत दुसरे काम करीत होता. जमीन सोसायटीच्या नावावर झालीच नाही. बिल्डर खरेदीखत करून देत नसेल तर सोसायटीला मानीव अभिहस्तांतरण मागता येते, ती तरतूद २००८ मध्ये आली. सोसायटीने अर्ज केला, त्यावरही हरकत आली. मधल्या काळात सरांच्या पत्नीचे मोठे आजारपण निघाले. फ्लॅट विकून लहान घर घ्यावे आणि उरलेल्या पैशांत उपचार करावेत असे ठरले. गिऱ्हाइके येत, घर पसंत करीत, कागद पाहत आणि पुन्हा फोन करीत नसत. शेवटी भविष्य निर्वाह निधी मोडून उपचार झाले. कर्ज मात्र सरांनी मुदतीच्या तीन वर्षे आधी फेडले. बँकेच्या दृष्टीने हे खाते आदर्श होते.

मला हे सगळे कळले ते २०१२ साली. सर घरी आले. पिशवीतून त्यांनी त्या अहवालाची झेरॉक्स काढली; कोर्टाच्या कामात ती त्यांच्या हाती लागली होती. आवाज न चढवता ते म्हणाले, “साहेब, याची फी मीच भरली होती. पण तुम्ही तो मला कधी दाखवला नाहीत.”

मी काय उत्तर देणार? अहवाल बँकेच्या मालकीचा होता. तो कर्जदाराला दाखवण्याची पद्धत नव्हती. हे खरे होते आणि ते बोलण्यासारखे नव्हते.

तेव्हापासून कोणी ‘बँकेने कर्ज मंजूर केलंय, म्हणजे कागद स्वच्छच असणार’ असे म्हटले की मला राहवत नाही. बँक कागद पाहते, जरूर पाहते. पण स्वतःचे पैसे परत येतील की नाही या डोळ्यांनी पाहते. साधा हिशेब करू. ऐंशी लाखांचा फ्लॅट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात बँकेला किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत जाता येते. म्हणजे चौसष्ट लाख बँकेचे, सोळा लाख तुमचे. पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क धरा, पाच लाख साठ हजार; नोंदणीचे तीस हजार वेगळे. पहिल्याच दिवशी तुमचे जवळजवळ बावीस लाख गेले. उद्या कागदांत खोट निघून फ्लॅटची किंमत चौसष्ट लाखांवर आली, तर बँकेचा एक रुपयाही बुडालेला नसतो. तुमची पुंजी मात्र संपलेली असते. आणि किंमत त्याहूनही खाली गेली तरी हप्ते तुम्हालाच भरायचे असतात. खड्डा एकच, पण बँक काठावर उभी असते आणि तुम्ही आत. काठावरच्या माणसाची ‘हरकत नाही’ आणि आतल्या माणसाची ‘हरकत नाही’ यांत अंतर असणारच.

आता दलालांकडे वळू. मराठीत ‘दलाल’ या शब्दाला आपण उगाच काळे फासले आहे. घरांच्या बाजारात मध्यस्थ लागतोच. कुठे कोणता फ्लॅट विकायचा आहे, मालकाला पैशांची निकड किती, सोसायटीत भांडणे आहेत का, हे ज्याला ठाऊक तो उपयोगाचा माणूस. अडचण आहे ती त्याला पैसे कुठून मिळतात याची. नव्या इमारतीत तो तुम्हाला सांगतो, ‘आमची दलाली नाही, तुम्हाला एक पैसा पडणार नाही.’ त्याचे कमिशन बिल्डर देतो आणि बिल्डर ते किमतीतच धरतो. म्हणजे पैसे अखेर तुमच्याच खिशातून जातात. फक्त ते बिल्डरच्या हातून दिले जात असल्याने इमान त्याच्याकडे राहते. जुन्या घराच्या व्यवहारात तर एकच माणूस विकणाऱ्याकडून एक-दोन टक्के घेतो आणि घेणाऱ्याकडूनही तितकेच घेतो. एकाला जास्तीत जास्त भाव हवा, दुसऱ्याला कमीत कमी. दोघांचाही वकील एकच. कोर्टात हे चालले असते का?

आपल्याकडचा करार कायदा १८७२ चा आहे आणि त्यात एजंट या नात्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. एजंटाने आपल्या मालकाला हिशेब द्यावा, त्याला न सांगता त्याच कामात स्वतःचा व्यवहार करू नये; केला आणि त्यातून फायदा मिळवला, तर तो फायदा मालकाला मागता येतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेपंडितांना हे नाते इतके स्पष्ट दिसत होते. आपण मात्र ज्याला एजंट म्हणतो, तो नेमका कोणाचा एजंट, हे विचारायचेच विसरलो.

‘पण आता रेरा आला आहे ना?’ असे वाचक म्हणतील. आला आहे आणि त्याचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. २०१६ चा हा कायदा आणि मे २०१७ पासून काम करणारे महारेरा यांच्यामुळे घर घेणाऱ्याच्या हाती पूर्वी कधीच नव्हती एवढी साधने आली. साठेखताची नोंदणी होईपर्यंत बिल्डरला दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. भाव चटई क्षेत्रावर सांगावा लागतो. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर तो बिल्डरने दुरुस्त करायचा असतो. प्रकल्पाची विक्री करणाऱ्या एजंटालाही नोंदणी लागते, आणि २०२३ पासून महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची करायला घेतली. माझ्या सरांच्या काळी यातले काही असते तर कदाचित ही गोष्ट मला लिहावी लागली नसती.

तरीही नोंदणी क्रमांक म्हणजे कोणी तुमच्यासाठी दात तपासून पाहिले असे नव्हे. कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचे प्रकरण आठवा. महापालिकेच्या नावाने बनावट परवानग्या तयार झाल्या, त्या दाखवून महारेराचे क्रमांक मिळवले गेले, त्या क्रमांकांच्या भरवशावर साध्या नोकरदारांनी घरे घेतली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांत राहणाऱ्यांच्या डोक्यावर आभाळच कोसळले. आणि हे केवळ गरीब उपनगरांतच घडते असे समजू नका. वरळीच्या कॅम्पाकोला कंपाउंडमध्ये मंजुरी होती मोजक्या मजल्यांची आणि त्यांवर मजले चढत गेले. एक इमारत तर वीस मजल्यांची झाली. १९८० च्या दशकात लोक तिथे राहायला गेले आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे बेकायदा मजले पाडण्याचा निकाल दिला. दोन्हीकडे एकच प्रश्न उरतो. मंजूर नकाशा आणि उभी इमारत यांची तुलना, पैसे देण्यापूर्वी, घेणाऱ्याच्या वतीने कोणी जाऊन केली होती का? महापालिकेच्या कार्यालयात जाऊन ‘हा परवाना तुम्हीच दिलाय का?’ एवढे तरी कोणी विचारले होते का?

हा प्रश्न आपल्याकडेच आहे असेही नाही. माझा पुतण्या अमेरिकेत न्यू जर्सीत असतो. तिथे घर घेणाऱ्याचा एजंट वेगळा आणि विकणाऱ्याचा वेगळा, ही पद्धत जुनी आहे. पण दोघांचेही कमिशन विकणाराच देत असे, साधारण पाच-सहा टक्के, आणि ते दोन एजंट वाटून घेत. म्हणजे घेणाऱ्याच्या माणसाचेही पैसे समोरच्याकडून येणार! या रिवाजावर खटला झाला आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मिसुरी राज्यातल्या ज्यूरीने एजंटांच्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध कौल दिला. पुढे तडजोड झाली आणि १७ ऑगस्ट २०२४ पासून नियम बदलला. आता एजंटाने घर दाखवायला नेण्यापूर्वी घेणाऱ्याशी लेखी करार करायचा, आणि आपण किती पैसे घेणार हे त्यात स्पष्ट लिहायचे. त्यामुळे तिथले सगळे गुंते सुटले असे नाही. दारात उभे राहण्यापूर्वीच कागदावर सही कशाला, म्हणून लोक कुरकुरतातही. पण आपला माणूस असावा, तो लेखी असावा आणि त्याचा मोबदला उघड असावा, एवढी तीन सूत्रे त्यातून घेण्यासारखी आहेत.

असा आपला माणूस मिळाला तर तो काय करील? पहिले म्हणजे तीस वर्षांमागेपर्यंतचे कागद काढील: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फेरफार, सूची क्रमांक दोनचे उतारे. वारसांत कोणी बहीण राहून गेली नाही ना, हे बघील. दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या दस्तांची माहिती आता नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. त्याच इमारतीतले फ्लॅट प्रत्यक्षात किती रकमेला गेले हे त्यातून काढून, सांगितलेला भाव आणि नोंदलेला भाव शेजारी मांडून दाखवील. मंजूर नकाशा घेऊन जागेवर जाईल आणि टेप लावून खोल्या मोजील. भोगवटा प्रमाणपत्र पाहील. ते ‘लवकरच येणार’ असेल तर ‘आल्यावर बोलू’ असे म्हणेल. पार्किंगची जागा कागदावर आहे की नुसती रंगाने आखलेली, हे विचारील. जुना फ्लॅट असेल तर सोसायटीची थकबाकी, भागपत्र, जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, इमारत पुनर्विकासाला निघाली आहे का, हे सगळे सेक्रेटरीकडून लेखी घेईल. आणि सकाळी सहा वाजता जाऊन नळाला पाणी किती वेळ येते ते बघील; वॉचमनला तंबाखू देऊन पावसाळ्यात तळमजल्याची काय अवस्था होते ते काढून घेईल. असल्या गोष्टी रंगीत माहितीपत्रकात नसतात.

पण त्याचे खरे काम याहून मोठे आहे. आपण घराच्या प्रेमात पडलेलो असतो. बायकोने बाल्कनीत तुळस कुठे ठेवायची ते ठरवलेले असते, मुलीने आपली खोली निवडलेली असते. अशा वेळी ‘घेऊ नका’ असे म्हणणारे एक माणूस लागते. बिल्डर ते म्हणणार नाही, दलाल म्हणणार नाही, बँकही म्हणणार नाही, कारण त्या तिघांचीही कमाई तुमच्या ‘हो’मध्ये आहे. नातलग म्हणतील, पण ते प्रत्येकच घराला म्हणतील.

आणि इथेच आजोबांच्या ‘तरीही’कडे परत यावे लागते. आपल्या माणसाला किमतीवर टक्केवारी ठरवली तर घर जितके महाग तितके त्याचे बरे. व्यवहार झाला तरच पैसे असे ठरवले तर तोही मान होकाराचीच हलवणार. म्हणून रक्कम ठोक ठरवावी, कामाला लागताना काही द्यावी, काम झाल्यावर उरलेली द्यावी, आणि घर घेतले नाही तरीही द्यावी. दुसऱ्या कोणाकडून याच व्यवहारात काहीही घेणार नाही, हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. ऐंशी लाखांच्या घरापायी आपण सरकारला सहा लाख निमूट भरतो, स्वयंपाकघराच्या फर्निचरला तीन-चार लाख घालतो. मग कागद आणि भिंती तपासणाऱ्याला पन्नास हजार देताना हात का आखडतो? त्याच्या कामाची फरशी दिसत नाही म्हणून?

‘असा माणूस आहे कुठे?’ हा आक्षेप मात्र खरा आहे. फक्त घेणाऱ्याच्याच बाजूने काम करणारा एजंट आपल्याकडे क्वचितच भेटतो. एकाच माणसात कायदा, बांधकाम आणि बाजार या तिन्हींची जाण असेल असेही नाही. तोवर आपली टीम आपणच जुळवावी: बिल्डरच्या आणि बँकेच्या यादीबाहेरचा वकील, ओळखीचा सिव्हिल इंजिनिअर, आणि नोंदणी असलेला एखादा एजंट, जो आपल्याकडून पैसे घेऊन आपल्यापुरतेच काम करायला राजी असेल. एजंटांनीही विचार करावा. शहराशहरांत अनेक जाणती, सचोटीची माणसे या धंद्यात आहेत. दोन्हीकडून दलाली घेण्यापेक्षा एका बाजूचे चोख काम करून नाव कमावणे, हाही धंदाच आहे. मागणी आली तर तो उभा राहील. मागणी करायची आहे ती तुम्ही-आम्ही.

तिची सुरुवात दोन प्रश्नांनी होते. पुढच्या वेळी कोणी घर दाखवायला आला की त्याला विचारा: तुम्हाला या व्यवहारात पैसे कोण देणार? आणि हे लिहून द्याल का? उत्तराला वेळ लागला, तर तेही एक उत्तरच आहे.

गेल्या वर्षी सर पुन्हा आले होते. आता सत्तरी ओलांडली आहे. जुना दावा अजून पूर्ण मिटलेला नाही. आजूबाजूच्या इमारती पाडून टोलेजंग होत आहेत आणि त्यांची तशीच उभी आहे. बरोबर मुलगा होता. तो बाणेरकडे फ्लॅट घेत होता, बँकेने कर्जही मंजूर केले होते. सरांनी कागदांची फाइल माझ्यासमोर ठेवली, चष्मा काढून पुसला आणि विचारले, “साहेब, आज तुम्ही कोणाच्या बाजूने?”

“तुमच्या,” मी म्हणालो.

दोन वकील, एक इंजिनिअर आणि मी, असे आम्ही पंधरा दिवस त्या फाइलमागे होतो. शेवटी मी मुलाला फोन करून सांगितले, घेऊ नकोस. तो खट्टू झाला. सून दोन दिवस बोलत नव्हती म्हणे. सर मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी आले आणि पाकिटात घालून पैसे ठेवले. मी नको म्हणालो, तर म्हणाले, “फी आहे साहेब. घर घेतलं नाही, तरी.”

तो फ्लॅट पुढे महिन्याभरात विकला गेला, असे कानावर आले. घेणाऱ्याच्या बरोबर कोण होते, कोण जाणे.